लंडनच्या हिशोबात जेवणच नव्हतं

मित्रांनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राह्यली.

मी इचोड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, पण चार वाक्यं बोलायची म्हटली की माझीच जीभ अडखळते. म्हणून लंडनला तीन महिन्यांचा कोर्स करायचं ठरवलं. आज बाबांसमोर खर्चाचा कागद ठेवला. फी, विमान, व्हिसा, खोली. बेरीज माझ्या बचतीत बरोबर बसत होती.

बाबा तहसीलमधून रिटायर झालेले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"यात जेवण कुठं हाय?"

"तिथं भागवीन काहीतरी."

"काऊन लपवून राह्यली, बेटा? उपाशीपोटी कोणती भाषा येते?"

मला रडूच आलं. जेवणाचा खर्च मी मुद्दाम गाळला होता. तो धरला तर तीन महिने परवडतच नाहीत.

"मंग एकच महिना जा," बाबा म्हणाले. "पण दोन टाइम जेवून शिक."

दुपारी हैदराबादच्या एजंटला फोन करून एका महिन्याचाच कोर्स सांगितला. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. बाहेर शिकून आलेल्यांनो, खरं सांगा, एका महिन्यात जीभ मोकळी होते का?