साठ सेकंदांचा पाळणा

तिसऱ्यांदा फाइल पुण्याला पाठवली आणि तिसऱ्यांदा रामटेकेभाऊंच्या जावयाचा फोन आला. "नाही वाजत हो. नुसतं फाइलचं नाव दिसतं."

भाऊ माझ्या काउंटरसमोर स्टुलावर बसले होते. कोळसा खाणीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. छाती अधू, चार पावलं चालले की दम लागायचा. त्यांच्या सुजाताला पुण्यात मुलगी झाली होती. रविवारी बारसं होतं आणि आज शुक्रवार. डॉक्टरांनी भाऊंना प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"मी नाई जाऊ शकत, तर तिच्या मायचा आवाज तरी जाऊ दे," ते म्हणाले होते.

सुजाताच्या बारशाला तिच्या आईने, लीलाबाईंनी, पाळणा म्हटला होता. कोणा पाहुण्याच्या टेपरेकॉर्डरवर तो भरून घेतलेला. सुजाता चार वर्षांची असताना लीलाबाई गेल्या. पुढे भाऊंनी दुसरं लग्न केलं. नव्या बायकोला वाईट वाटू नये म्हणून कॅसेट पेटीच्या तळाशी गेली, ती तिथेच राहिली. सुजाताला आईचा आवाज अजिबात आठवत नव्हता.

राजुऱ्यात माझं दुकान आधी कॅसेट भरून देण्याचं होतं. मोबाइल आले तसा मी रिंगटोन, रिचार्ज आणि रिपेअरिंगकडे वळलो. हे दोन हजार सहा-सातचं. जुना डेक होता, म्हणून भाऊ माझ्याकडे आले.

टेपला बुरशी धरली होती. मी ती पुसली, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली, डेक कॉम्प्युटरला जोडला आणि वाजवली. आधी बाळाचं रडणं, भांड्यांचा आवाज, एका बाईचं बोलणं. मग पाळणा. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. पाळणा संपला आणि टेप रोलरमध्ये गुंडाळली गेली. बाहेर काढली तर तुकडे.

"घाबरू नका भाऊ, कॉम्प्युटरमधी आली आहे पूर्ण," मी म्हटलं.

आता ती मोबाइलवर पाठवायची. एमएमएस म्हणजे फोटो किंवा आवाज जोडलेला मेसेज. मी पाठवलेली एमपीथ्री जावयाचा फोन वाजवत नव्हता. त्याला एएमआर लागत होती. ही फोनसाठीच केलेली आवाजाची फाइल, आकाराने अगदी लहान. पण त्या फोनमध्ये शंभर केबीपेक्षा मोठा मेसेज उतरत नव्हता. शंभर केबीत एएमआरचं जेमतेम एक मिनिट बसतं. माझ्याकडे चाळीस सेकंद बोलणं आणि मिनिटभराचा पाळणा होता.

मी बोलणं कापलं.

"पयले लीला बोलते, ते बी जाईन ना?" भाऊंनी विचारलं.

"नाई बसत. पाळणा तेवढा पाठवतो. बाकी फालतू आवाज हाये."

"फालतू नोको म्हणू गा. सुजाशी बोलून राह्यली हाये ते."

"ते इथी हाये ना कॉम्प्युटरमधी. सीडी करून देतो नंतर."

दोन मेसेज करून पाठवता आले असते. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. समोर रिचार्जवाले उभे होते.

या वेळी मेसेज वाजला. रविवारी जावयाने फोन माइकला लावला आणि पाळणा सगळ्यांना ऐकवला. संध्याकाळी सुजाताने मला फोन केला. तिला रडण्यामुळे धड बोलता येत नव्हतं. पुढचे आठ दिवस मी येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली.

भाऊ सीडीसाठी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी "उद्या" म्हटलं.

मग लग्नाचा सीझन लागला. हार्ड डिस्क गाण्यांनी भरली. जागा करायला मी मोठमोठ्या फाइली निवडून एका झटक्यात उडवल्या. त्यातच ती पाळण्याची फाइल होती. तिला मी लीलाबाईंचं नावसुद्धा दिलं नव्हतं. नुसतं 'न्यू १२' लिहिलं होतं.

अडीच महिन्यांनी सुजाता बाळाला घेऊन माहेरी आली. सोबत भाऊ होते.

"सलीमभाऊ, बाबा म्हणतात, आई आधी माझ्याशी बोलते. ते ऐकायचं होतं."

मी शोधायला बसलो. पाच मिनिटांत काय झालं ते कळलं, तरी अर्धा तास शोधत राहिलो. मान वर करायची हिंमत नव्हती. शेवटी सांगितलं. डिस्क नागपूरला, उडालेल्या फाइली परत काढून देणाऱ्याकडे घेऊन गेलो. तिथला माणूस म्हणाला, "त्या जागेवर दुसरी गाणी बसली आहेत. काही निघणार नाही."

"काय म्हणत होती, ते तरी आठवतं का?" परत येऊन मी हे सांगितलं तेव्हा सुजाताने विचारलं.

"आठवतं. 'नोको रडू वं बाई, मी हाओ ना इथी,' असं म्हणत होत्या."

तिने बाळाकडे पाहिलं. "बोलताना आवाज कसा होता?"

"तुमच्यासारखाच," मी म्हटलं. खरं तर मला आठवत नव्हतं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. भाऊ बाजूला उभे होते. आपण सलीमला ते बोलणंही पाठव म्हणालो होतो, सीडीसाठी दोन खेपा घातल्या होत्या, यातलं एक अक्षर त्यांनी मुलीसमोर काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

एएमआरबद्दल एक गोष्ट मी नंतर वाचली. ती बोलण्यासाठी बनवलेली आहे. माणसाचं बोलणं त्यात स्वच्छ जातं. गाणं मात्र दबतं, विहिरीतून आल्यासारखं वाटतं. म्हणजे जे नीट गेलं असतं ते मी कापलं, आणि जे बिघडणार होतं ते पाठवलं.

आता कोणाचंही रेकॉर्डिंग आलं की कात्री लावायच्या आधी पूर्ण फाइलच्या दोन सीडी होतात. एक गिऱ्हाइकाला, त्याच दिवशी.