दहावी ‘ब’ला ठाऊक होतं

मंडईत मटार निवडत होते. नीलिमाच्या यजमानांचा फोन आला. “ताई, नीलिमा गेली…” मी विचारलं, “कुठे?” इतका वेडा प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल. आईला बरं नाही म्हणून रजेवर जाते, असं तिने शाळेत सांगितलं होतं. आजार तिचाच होता. पोटाचा कर्करोग.

कर्वेनगरच्या आमच्या शाळेत आम्ही दोघींनी वीस वर्षं एका टेबलाशी डबा खाल्ला. ती इतिहास शिकवायची, मी मराठी. शाळांमध्ये ज्या विषयांवर ‘गप्प बसा’ म्हणतात, ते ती मुद्दाम वर्गात घ्यायची. गेल्या वर्षी नववीत आरक्षणाचा विषय निघाला, तेव्हा रोहन पूजाला म्हणाला, “तुमचं बरंय, कमी मार्कांत काम होतं.” मी असते तर त्याला बाहेर उभं केलं असतं. नीलिमा त्याला म्हणाली, “तुझं मत मांड. तिला टोमणा मारू नकोस.” मग पूजाला म्हणाली, “तुला बोलायचं असेल तरच बोल हं.” पूजा उठली. तिचे आजोबा गावच्या शाळेत दाराबाहेर बसून शिकले होते, एवढंच तिने सांगितलं. रोहन तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “माझं मत अजून तेच आहे. पण मी घाण बोललो. सॉरी.” नीलिमाला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी एक पालक तणतणत आले. “अहो बाई, असले विषय आम्ही घरात काढत नाही!” ती शांतपणे म्हणाली, “कळतं ते. म्हणून तर शाळेत काढावे लागतात.”

अशी ही बाई. पण स्वतःच्या दुखण्याबद्दल मला एक शब्द बोलली नाही, याचा मला राग होता… अजून आहे. शोकसभा संपल्यावर पूजा माझ्याजवळ आली. “आम्हाला माहीत होतं, बाई. रजेवर जायच्या आधी त्यांनीच वर्गात सांगितलं होतं. म्हणाल्या, नाजूक विषयांवर बोलण्याचा सराव नेहमी दुसऱ्यांच्या दुःखावर का करायचा? आज माझं घेऊ. विचारा.”

“मग? विचारलंत?”

“रोहनने विचारलं, भीती वाटते का. त्या म्हणाल्या, हो, फार वाटते… मग आम्हाला काही सुचेना. तर म्हणाल्या, बोलला नाहीत तरी चालेल, फक्त माना खाली घालू नका.” पूजा माझ्याकडे बघत म्हणाली, “कोणीच नाही घातली, बाई. घंटा होईपर्यंत.”

आता दहावी ‘ब’चा तिचा तास मी घेते. तिच्या खुर्चीत अजून बसवत नाही, उभ्यानेच शिकवते. मुलं सरळ माझ्याकडे बघत असतात… आणि मान माझीच खाली जाते.