हिरामणच्या पायातला जंतू

भूत, भानामती, बाहेरचं... असले विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जातो. सगळं आयुष्य लॅबोरेटरीत गेलं माझं. काचेखाली दाखवा, मग बोलू — असं म्हणून मी कितीतरी जणांची तोंडं बंद केली आहेत. तरी आज हे लिहितोय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

साठ सालानंतरची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. नवापूरच्या अलीकडे एका लहानशा दवाखान्यात मी टेक्निशियन होतो. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप आणि रॉकेलच्या दिव्यावर चालणारी, जंतू वाढवायची उबदार पेटी. बस्स.

नंदुरबारजवळच्या खेड्यातून हिरामणला आणलं होतं. विशीतला, अंगापिंडानं दांडगा गडी. नडगीच्या हाडात पू झालेला, ताप हटत नव्हता. पेनिसिलीनचा काडीचाही उपयोग नाही. डॉक्टरांनी त्याच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं, की औषध सापडलं नाही तर गुडघ्यावरून पाय काढावा लागेल, नाहीतर पोरगा जाईल. घरात कमावणारा तोच. आणि औषध शोधायचं काम माझ्याकडे!

पुवातून जंतू निघाला स्टॅफिलोकोकस. पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, एरिथ्रोमायसीन — एकेक लावून पाहिलं, पठ्ठ्या कशालाच दाद देईना. डॉक्टर म्हणाले, जोड्या लावून बघा, उद्या सकाळपर्यंत थांबतो. मग मी टीपकागदाच्या पट्ट्या कापल्या, औषधांत भिजवल्या आणि जंतू पसरलेल्या काचेच्या बशांत दोन-दोन पट्ट्या काटकोनात ठेवल्या. दोन औषधं मिळून जंतूला आवरत असतील, तर त्या कोपऱ्यात काही उगवत नाही.

बशा पेटीत ठेवताना हिरामणची आई दारात उभी होती. मी आपला समजावून सांगायला गेलो, की तुमच्या मुलाच्या पायातला आजार मी या पेटीत वाढवतोय, म्हणजे त्याला काय लागू पडतं ते कळेल. बाई एकदम आत आली.

"मन्हा पोऱ्याना आजार या पेटीमा शे?"

मी हो म्हणालो. झालं! तिनं पेटीसमोर फतकल मारली आणि त्या आजाराशी बोलायला लागली. आधी समजुतीनं, मग रागानं, मग अगदी काकुळतीला येऊन. जाय रे बाबा, जाय, तुन्हं आठे काय काम शे... दुपारभर तेच. एरवी मी कुणाला लॅबमध्ये टिकू देत नसे, पण त्या बाईला ऊठ म्हणायची माझी छाती झाली नाही. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

सकाळी एका बशीत, एरिथ्रोमायसीन आणि स्ट्रेप्टोमायसीनच्या कोपऱ्यात, स्वच्छ जागा दिसली. मी बशी घेऊन पळतच डॉक्टरांकडे गेलो. यात चमत्कार कसला? जोड्या लागू पडतात कधीकधी. दोन्ही औषधं सुरू झाली, ताप उतरला, पू थांबला. काही आठवड्यांनी हिरामण काठी टेकत का होईना, स्वतःच्या दोन पायांवर घरी निघाला.

जाताना माय-लेक लॅबमध्ये आले. मी जरा ऐटीतच म्हणालो, "मेला बरं का तुमचा आजार!"

तिनं मान हलवली. "तो मरना नही, भाऊ. मी त्याले मर नही सांगं. जाय सांगं."

मर नाही, नुसतं जा म्हटलं होतं म्हणे! मला हसू आलं. हिरामण लाजून आईला चल, चल म्हणत होता.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, तो जंतू मुंबईला पाठवू, तिथे पुन्हा तपासतील. कुठलाही महत्त्वाचा जंतू मी एका नळीत जपून ठेवायचो. तळाशी तिरपी गोठवलेली जेली, तिच्यावर जंतूची रेघ, तोंडाला कापसाचा बोळा आणि वर मेण. हिरामणच्या जंतूची रेघ हळदीच्या बोटासारखी पिवळी उमटली होती. तिच्यातूनच तर मी जोड्यांच्या बशांत जंतू पसरला होता. त्यानंतर लगेच मेण लावून नळी कपाटात ठेवली.

कपाट उघडलं. मेण जसंच्या तसं, चिठ्ठीवर अक्षर माझंच. आत जेली कोरी. माझ्या तारेचा ओरखडा तेवढा होता, रेघ नव्हती. शेजारच्या नळ्यांतले जंतू मजेत होते. त्या जेलीवरून खरवडून पुन्हा वाढवायचा प्रयत्न केला, काही म्हणता काही उगवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, नळी बदलली असेल. मी चिडलो. माझ्याही चुका होतात हो, पण अशी नाही. जंतू मेला तरी रेघ जागच्या जागी दिसते, नुसती वाढत नाही. इथे रेघच नव्हती! पुढे मोठमोठ्या लोकांना विचारलं, कुणालाच नीट सांगता आलं नाही. मलाही आजवर उलगडा झालेला नाही.

हिरामणचा पाय वाचला याचा आनंद मला अजून आहे. पण तेव्हा माझी धाकटी रांगत होती. त्यानंतर कितीतरी दिवस घरी गेल्यावर मी तिला उचलून घेत नसे. आधी तिचे दोन्ही पाय नीट तपासून बघायचो.