चुन्याच्या रेघेपर्यंत

केळशीच्या पुळणीवर आम्ही हुतूतू खेळायचो तेव्हा माझी एक ख्याती होती. पलीकडच्या चौघा-पाचांनी मला धरून खाली पाडलं तरी मी हार मानत नसे. तोंडात ‘हुतूतू’ चालू, छाती फुटायला आलेली, आणि वाळूत कोपरं रुतवत मी मधल्या रेघेकडं सरपटत असे. दम तुटायच्या आत बोटाचं टोक जरी रेघेला लागलं तरी धरणारे सगळे बाद. मग मी उठून दोन्ही हात वर करून नाचायचो. आई म्हणायची, हा पोटातनंच मुठी वळून आला. ते काही वाईट नव्हतं. मुठी वळल्याशिवाय आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाचं भागत नाही.

पुढं बोटीवर खलाशी म्हणून लागलो. आमच्या टोळीचा सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम, आईच्या नात्यातला भाऊ. मी त्यांना मामा म्हणे. एकोणीसशे तिसाच्या पुढची मंदीची वर्षं होती. आमची बोट वेल्समधल्या एका कोळशाच्या बंदरात दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत चढली आणि माल मिळेना म्हणून तिथंच अडकून पडली. दिवसभर आम्ही तिचा गंज खरवडत बसायचो. संध्याकाळी घोंगड्या पांघरून एका रांगेत बाजारापर्यंत जायचं आणि त्याच रांगेत परत यायचं.

त्या गावात आम्हांला कोणी छळलं नाही. पण कोणी हाकही मारली नाही. दुकानदार पैसे घेई, वस्तू देई आणि माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडं बघे. असे आठवडेच्या आठवडे गेले. आमच्यातले जुने म्हणत, परमुलूख म्हणजे असाच, दिवस ढकलायचे. मला ते पटेना. मी मनाशी ठरवलं, या गावातून निघायच्या आत इथला निदान एक तरी माणूस मला आपणहून हाक मारील असं करायचं.

गोदीच्या भिंतीमागं एक मैदान होतं. शनिवारी तिथं कोळसा चढवणारे हमाल रग्बी खेळत. दोन्हीकडं पंधरा-पंधरा जण, लांबट अंड्यासारखा चेंडू आणि पोटरीभर चिखल. चेंडू पोटाशी धरून समोरच्यांना हुकवत पळायचं, त्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडं तो टेकवायचा, नाहीतर तिथल्या दोन उंच खांबांमधल्या आडव्या दांड्यावरून लाथेनं उडवायचा. भिंतीवर बसून बघताना माझे तळपाय शिवशिवत. एकदा चेंडू भिंतीपलीकडं आमच्या बाजूला आला. परत फेकता आला असता. मी फेकला नाही. काखेत मारून भिंतीवरून उतरलो आणि अनवाणी पायांनी सरळ त्यांच्या घोळक्यातून पळत सुटलो. भाताच्या खाचरात चिखलणी केलेला माणूस मी, चिखल मला काय नवा? ते बुटांसकट घसरत होते आणि मी त्यांच्या काखेखालून निसटत होतो. एकालाही हात लावता आला नाही. त्यांचा कप्तान दाराएवढा रुंद गडी होता. तो कमरेवर हात ठेवून हसत सुटला आणि त्यानं पुढल्या शनिवारी ये म्हणून खुणावलं.

मामांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते तांदूळ निवडत बसले होते.

“तुला काय याड लागलाय?” ते म्हणाले. “त्ये रेड्यासारखे लोक. हात मोडला तर तुझ्या आवशीला मी काय सांगू?”

“सांगा, खेळताना मोडला.”

“माझ्या टोळीतला माणूस नाय जायचा तिथं. सांगून ठेवतंय.”

“मामा, कामाच्या वेळेत तुम्ही सांगाल ते. शनिवारची दुपार माझी.”

त्यांनी ताट आपटलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मीही मनवायला गेलो नाही. शनिवार आला की मैदानावर जात राहिलो. कप्तानानं धाकट्या भावाचे खिळ्यांचे बूट दिले. ते घातल्यावर पाय बादलीत घातल्यासारखं वाटायचं, पण घातले. सरावात मला कोणी पकडूच शकत नसे, आणि तिथंच सगळी गोम होती. पकडल्यावर काय करायचं हे कोणी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटे, धरल्यावर काय करायचं हे केळशीच्या माणसाला कोण शिकवणार!

शेजारच्या गोदीशी सामना ठरला. दोन्ही गोद्यांचं वर्षानुवर्षांचं हाडवैर. अर्धं गाव लोटलं. आणि बघतो तर एका कडेला आमची सगळी टोळी घोंगड्या पांघरून उभी, पुढं मामा, तोंड दुसरीकडं वळवून. खेळ शेवटाला आला तेव्हा आम्ही जेमतेम एका गुणानं पुढं होतो. तेवढ्यात आमच्याच खांबांसमोर चेंडू घरंगळत माझ्या हातात आला. मी दोघांना हुकवलं, पण तिसऱ्यानं पायांना मिठी मारली आणि मी तोंडावर आपटलो. पाठीवर आणखी दोघं पडले.

समोर हाताभरावर मैदानात आखलेली चुन्याची रेघ दिसत होती. झालं. मी चेंडू छातीशी आवळला, दम धरला आणि ‘हुतूतू’ सुरू करून सरपटायला लागलो. पंचाची शिट्टी ऐकू आली, ती मला माझ्या शाबासकीसाठीच वाजतेय असं वाटलं. आमच्या टोळीनं एकच गिल्ला केला, “दम हाय! अजून दम हाय!” मामांचा आवाज सगळ्यांत वर. रेघेला बोट लागलं. मी चेंडूसकट उठलो आणि दोन्ही हात वर करून नाचलो. आमच्या टोळीनं घोंगड्या हवेत उडवल्या.

बाकीचं मैदान गप्प होतं.

रग्बीत पाडल्या गेलेल्या माणसानं चेंडू तिथल्या तिथं सोडायचा असतो. धरून ठेवला तर गुन्हा. समोरच्यांना अगदी खांबांसमोरून मोकळी लाथ मारायला मिळाली, चेंडू आडव्या दांड्यावरून गेला, आणि आम्ही हरलो. माझ्या एकट्यामुळं हरलो. कप्तानानं हातवारे करून मला ते समजावलं. आमची टोळी गोदीच्या वाटेला लागली. मला हाक मारणारं माणूस हवं होतं आणि मी साऱ्या गावाचं नाक कापलं होतं. मी बूट काढून तिथंच ठेवले आणि टोळीमागं चालू लागलो.

मागून कोणीतरी माझ्या मानेला धरलं. कप्तान होता. त्यानं मला तसंच ओढत मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीकडं नेलं. मला वाटलं, आता मार बसणार. बसला तरी पळायचं नाही, असं ठरवून आत गेलो.

आत सिमेंटचा मोठा हौद होता, वाफाळत्या पाण्यानं भरलेला. सगळा संघ त्यात दाटीवाटीनं बसला होता, आईच्या पोटातून आले तसेच. ही त्यांची रीत. खेळ झाला की पंधराही जणांनी एकाच पाण्यात उतरायचं. आधी कोणत्याच शनिवारी मी आत गेलो नव्हतो. काहीतरी निमित्त सांगून सटकायचो. लाज होतीच, पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. एका माणसाच्या उतरण्यानं पाणी बाटतं असं मानणाऱ्या गावात मी वाढलो होतो. कोणत्या विहिरीवर कोणी जायचं नाही हे मला पाळण्यातच कळलं होतं. इथं मी कोणत्या बाजूचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी ओळखून होतो. त्यात आजचा पराभव. मी दारातच थांबलो.

हौदातल्या लाल मिशांच्या माणसानं माझ्याकडं बघितलं. तो सगळ्यांत तापट, हरला की जेवत नसे. बोटीवर शिकलेल्या तुटपुंज्या इंग्रजीवर मला त्याचं बोलणं कळलं ते असं, “आत ये नाहीतर बाहेर जा, पण दार लाव. वारा येतोय.” आणि कुल्ले सरकवून त्यानं शेजारी जागा केली.

मी लंगोटी काढली नाही, पण उतरलो. पाणी कढत आणि चहासारखं गढूळ. एकही माणूस बाहेर गेला नाही. मग त्यांनी मला शिव्या घालायला सुरुवात केली. सगळ्यांनी, आलटून पालटून, मनसोक्त. परक्या माणसाला कोणी इतक्या मन लावून शिव्या देत नाही. मला रडू आलं आणि मी त्यांच्यासमोर रडलो. कप्तानानं साबणाची वडी माझ्या हातात दिली, मला पाण्यात ढकललं आणि ओरडला, “सोड!” मी सोडली. पुन्हा दिली, पुन्हा ढकललं. सगळा हौद ओरडायला लागला, “सोड! सोड!” दारात मामा घोंगडी घेऊन उभे होते. मी मागं नाही हे बघून टोळीतून परत आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

हिवाळाभर मी खेळलो. चेंडू सोडणं मला फार जड गेलं. धरून ठेवणं हाडात होतं. पण मी हट्टानं शिकलो आणि शेवटी शेवटी आमच्या बाजूनं कोण कुठं उभा आहे हे न बघता पडता पडता चेंडू सोडू लागलो. कोणीतरी उचलणारच. बाजारात जाताना आता मला रांगेत चालताच येईना. या फुटपाथवरून हाक, त्या दारातून हाक. बोट सुटली तेव्हा ते सगळे धक्क्यावर आले होते. मोठाल्या पुरुषांना निरोप देता येत नाही. त्यांनी पुन्हा एकदा भरपेट शिव्या दिल्या.

हर्णैला उतरून मामा आणि मी केळशीला घरी आलो. आईनं आम्हांला पेज वाढली. वाकली तेव्हा तिला माझ्या भुवईवरची खोक दिसली. तिनं बोटानं ती चाचपली.

“परमुलखात पडलास, रगात आला,” ती म्हणाली. “तुझा म्हणून कोन व्हता रे तिथं?”

मामांनी वाटी खाली ठेवली.

“चौदा जण व्हते, आक्का,” ते म्हणाले. “मी सोता मोजले.”