नवरीचा मामा गाडीत हाय

कस्तुराबाई गाडी अनवाणी चालवतात. चपला सीटखाली.
हॉर्न वाजवत नाहीत. काच खाली करून हाक मारतात, "ए निळ्या शर्टा, सरक की!"
चढ लागला की पिकअपला "चल गं बया" म्हणतात.
ट्रकच्या पुढे गेल्या की ट्रकवाल्याला हात करतात. त्याला वाईट वाटू नये म्हणून.
पोलीस दिसला की वेग नंतर कमी करतात. आधी पदर डोक्यावर घेतात.

त्या खुटबावच्या. घरची शेवंती आहे. तीस वर्षं त्या शिरूरच्या बाजाराला डाव्या सीटवर बसून गेल्या, मांडीवर फुलांची पाटी घेऊन. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या आणि उजवीकडे आल्या. आता परत डावीकडे जायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझी अम्मी त्यांची मैत्रीण. मी मराठीत एमए करून घरी बसलेला. म्हणून क्रेट उतरवायला त्यांच्याबरोबर जातो. डाव्या सीटवर मी असतो, खिडकीवरची कडी घट्ट धरून.

अडचण एकच. गाडी त्यांच्या मुलाच्या, इंद्रजीतच्या नावावर आहे. वेगाचं चलान झालं की मेसेज थेट त्याच्या मोबाईलवर जातो. दोन गेले होते. त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "आई, अजून एक आला तर चावी माझ्याकडं."

तेव्हापासून कस्तुराबाई पकडल्या जातात, पण चलान होऊ देत नाहीत. एकदा त्यांनी सांगितलं, मागे शेळी व्यायला झालीय. मागे क्रेट होते. एकदा म्हणाल्या, "मागनं वारं लई होतं, साहेब." एकदा तर साहेबांवरच उलटल्या. "ही गाडी नव्वद पळती? मग तसं लिहून द्या. मला विकायचीय." त्या दिवशी ट्रॅफिकचे साहेब हसता हसता रस्त्यावर खाली बसले.

परवा न्हावऱ्याच्या पुढे तेच साहेब उभे होते. शेजारी ज्ञानेश नावाचा नवा शिपाई. पदर डोक्यावर गेला. गाडी थांबली.

"अठ्ठ्याण्णव," साहेब म्हणाले.

"माझं वय व्हय? एवढी म्हातारी दिसती मी?"

"मावशी, आज न्हाई. शेळी झाली, वारं झालं. आज चलानच."

साहेबांनी मशीन बाहेर काढलं. कस्तुराबाईंनी आरशातून मागच्या फुलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे. तिथं रस्त्याकडेला लग्नाचा फ्लेक्स लावला होता. नवरा-नवरीचे फोटो, माळावरच्या कार्यालयाचा पत्ता, आजचीच तारीख.

"नवरीचा मामा गाडीत हाय," त्या म्हणाल्या. "मुहूर्त टळतोय."

साहेबांनी खिडकीत डोकं घातलं. मी चोवीस वर्षांचा आहे आणि दिसतो त्याहून लहान.

"ह्यो मामा?"

"शेंडेफळ हाय."

"काय मामा, खरं हाय का?"

मी खिडकीवरची कडी आणखी घट्ट धरली.

"त्येला टेन्शन आलंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "पहिलीच भाची. वैष्णवी नाव तिचं."

नाव फ्लेक्सवर होतं. पण बाण बरोबर बसला. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो. तो आल्याशिवाय भटजी मंगलाष्टक सुरू करत नाहीत. आणि साहेब स्वतः चार भाच्यांचे मामा निघाले. त्यांनी मशीन खिशात घातलं.

"ज्ञानेश, तू हितंच थांब. मावशी, माझ्या मागं या."

सायरन लागला. जीप सुटली.

"मावशी, आता?"

"आता काय? मागं जायचं." त्यांना हसू आवरत नव्हतं. मग काट्याकडे पाहून त्या एकदम गंभीर झाल्या. "बघ, बघ. साहेबच शंभरनं चाललेत. त्येंना कोण धरतं?"

कार्यालयाच्या दारात पोचलो तर भोंग्यावर पुकारा चालू होता. "नवरीचे मामा जिथं कुठं असतील तिथून त्यांनी बोहल्याजवळ यावं." हा पुकारा प्रत्येक लग्नात होतो. मामा नेहमीच कुठं तरी असतो. साहेबांनी माझा दंड धरला आणि गर्दीतून पुढे नेलं.

"मामा आणलेत!"

टाळ्या पडल्या. कुणी तरी माझ्या डोक्यावर फेटा बांधला. नवरीकडचे मला नवऱ्याकडचा समजले, नवऱ्याकडचे नवरीकडचा. निवेदकानं नाव विचारलं. मी अजीम म्हणालो. बँडपुढे त्याला काही ऐकू आलं नाही. त्यानं "आदरणीय मामासाहेब" एवढ्यावर भागवलं. साहेबांनाही फेटा, शाल, नारळ मिळाला. दाराशी उभ्या कस्तुराबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. आता हळूच निघायचं, एवढंच बाकी होतं.

मला नवरीच्या खोलीपाशी उभं केलं. वैष्णवीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"तुम्ही कोण?"

"मामा."

"कुणाचे?"

"अजून ठरलं नाही."

ती इतकी हसली की करवलीला तिच्या मुंडावळ्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

तेवढ्यात तिची आई, साखरबाई, फोन घेऊन धावत आल्या. "अगं, सर्जेरावला पोलिसानं धरलाय! न्हावऱ्यापाशी! त्यो सांगतोय मी नवरीचा मामा, आन् पोलीस म्हणतोय, मामा तर कवाच गेले, आमचे साहेब सोडायला गेलेत, तुम्ही दुसरं काय तरी सांगा!"

बँड थांबला. सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेब हातातल्या नारळाकडे बघू लागले.

पिकअप फाटकात उभी होती, तोंड रस्त्याकडे. कस्तुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग वैष्णवीकडे पाहिलं. मग पदर सावरून सरळ आत आल्या.

"साहेब, ह्यो मामा खोटा हाय. फुलं उतरवायला आणलाय. खरा तुमच्या शिपायानं धरलाय."

"मावशी," साहेब म्हणाले. त्यांनी डोळे वटारले. फेट्यातला साहेब रागावला तरी वऱ्हाडीच दिसतो. मागे कुणी तरी फिस्सकन हसलं. मग मांडवच हसायला लागला. साहेबांच्याही मिशा हलल्या. पण मशीन बाहेर आलंच.

"चलान नगा करू," कस्तुराबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "मेसेज पोराला जातोय. चावी जाईल माझी."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग मशीन न्हाई. तुम्हीच सांगा त्याला. फोन लावा, माझ्यासमोर. पहिल्यापासनं समदं."

"त्यापरीस चलान बरं की ओ."

"लावा."

कस्तुराबाईंनी फोन हातात घेतला. तोवर साहेबांनी ज्ञानेशला फोन केला. "सोड त्यांना. खरे मामा तेच हायत."

"सोडलंय, साहेब," ज्ञानेशचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "पण ते गाडीच चालवंनात. हात कापतायत म्हणं. आन् मला गाडी येत न्हाई."

भटजींनी घड्याळ पाहिलं. साखरबाई रडायच्या बेतात आल्या. न्हावऱ्याचा रस्ता, जायचं आणि यायचं, आणि मुहूर्त डोक्यावर. एकेक करून सगळ्यांच्या नजरा कस्तुराबाईंकडे वळल्या. शेवटची साहेबांची.

"मावशी," त्यांनी घसा साफ केला, "किती वेळ लागंल?"

"वाटंत तुम्ही उभं नसाल तर? ही गेली आन् ही आली."

साहेबांनी शाल सारखी केली. दुसरीकडे बघत म्हणाले, "जा. पण फोन आधी."

शेवटी फोन लागला. कस्तुराबाईंनी तो कानाला लावला, डोळे मिटले.

"इंद्रजीत, ऐक. ओरडू नगंस. मी आज गाडी जरा..."

"मामाला आणा!" भटजी ओरडले.

फोन माझ्या हातात आला. कस्तुराबाई फाटकाकडे पळाल्या. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला आणि लगेच लांब गेला.

"हॅलो," फोनमधून इंद्रजीत म्हणाला. "आई? गाडी जरा काय?"