आत्या शेजारी बसली की

माझ्या गाडीला एक दुखणं लागलं होतं आणि ते फक्त आत्या गाडीत असली की उठायचं. मी हे कुणाला बोलून दाखवत नव्हतो. एवढ्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माणसानं असं बोललं तर लोक काय म्हणतील?

धाराशिवच्या बाहेर माझं छोटं वर्कशॉप आहे. हौशी लोक गाडीला टर्बो बसवून घेतात. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि कंपनीचा कॉम्प्युटर त्या हिशोबाचा नसतो. मग बाहेरचा कॉम्प्युटर बसवायचा, त्याला सेन्सर जोडायचे, वायरी ओढायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. माझी स्वतःची जुनी पेट्रोल गाडीही मी अशीच करून घेतली होती. आई म्हणायची, याला घरात साधा बल्ब बदलायला सांगा, महिना लावतो.

आत्या तेरला एकटी राहते. तिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलेली, म्हणून दर महिन्याला सोलापूरला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तारखा चुकवू नका, एकदा गेलेली नजर परत येत नाही. नेणारा मीच, दुसरं कुणी नाही.

पहिल्यांदा झालं ते उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना. समोरून एसटी येत होती, अंतर भरपूर होतं, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि ट्रॉलीच्या अर्ध्यावर इंजिननं एकदम जीव सोडला. क्षणभर काहीच नाही, मग झटका देऊन परत सुरू. कसाबसा मागं येऊन ट्रॉलीच्या पाठीशी लागलो. त्याच दिवशी परत येताना तुळजापूरच्या घाटात तसंच झालं, मागं ट्रक होता, तो हॉर्न वाजवत अगदी घासून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटा त्याच रस्त्यानं गेलो. गाडी अशी पळाली की विचारू नका. लॅपटॉप जोडून ठेवला होता, स्क्रीनवरची हवेच्या दाबाची रेघ सरळ, काही तक्रार नाही. तरी हवेचा दाब मोजणारा सेन्सर बदलला, त्याची नळी बदलली, अर्थिंगचा बोल्ट खरवडून परत आवळला, बॉनेटखालची एकेक वायर हलवून बघितली. पुढच्या महिन्यात आत्याला बसवलं आणि नळदुर्गाच्या फाट्याच्या अलीकडं गाडीनं परत दगा दिला. रेकॉर्ड बघितलं तर हवेचा दाब एका क्षणात पार वर टोकाला. एवढा दाब खरोखर आला असता तर इंजिन फुटलंच असतं. कॉम्प्युटरनं ते खरं मानून इंजिन वाचवायला पेट्रोल तोडलं होतं. तो बिचारा त्याच्या परीनं बरोबर होता. खोटं कोण बोलत होतं, ते सापडत नव्हतं.

वजनामुळं होत असेल म्हणून मी तिच्या सीटवर सोयाबीनचं पोतं बेल्ट लावून बसवलं आणि घाट चढून आलो. पोतं असताना काही झालं नाही. आई दारात उभी राहून बघत होती. पोतं उतरवायला लागलो तेव्हा हळूच म्हणाली, तिला एसटीनं जाऊ दे रे. मी लई चिडलो. पण खरं सांगायचं तर चिडलो ते यासाठी की तोच विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. मला माझीच शरम वाटली.

पुढच्या तारखेला तेरला गेलो तर आत्या तयारच झाली नव्हती. घरच्या लुगड्यात बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, मी येणार न्हाय. मी म्हटलं दुसरी गाडी आणतो, भाड्याची जीप करतो. तीही नको. मग एसटीनं जाऊ, मी सोबत येतो.

"यष्टीत तर केवढी माणसं असत्यात," आत्या म्हणाली. "त्यांनी काय केलंय माझं?"

मला कळायला वेळ लागला. मामा, म्हणजे आत्याचे मालक, जीप चालवत असताना येडशीच्या अलीकडं रस्ता सोडून पुलाखाली गेले होते, त्यातच वारले. आत्या शेजारी बसली होती, तिला खरचटलंही नव्हतं. दिवसपाण्याला आलेल्या बायकांनी तिला पनवती म्हटलं, ते तिच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात म्हटलं. तेव्हापासून ती कुणाच्या लग्नाला गाडीत बसून गेली नव्हती. माझ्या गाडीत बसली ती केवळ डोळ्यापायी, आणि माझ्या गाडीनं तिची खात्री पक्की केली होती.

ती तारीख चुकली. पुढचे दिवस मला अन्न गोड लागलं नाही. प्रत्येक दिवशी तिच्या डोळ्यात काय होत असेल हाच विचार. तेरहून फोन आला की हातातलं काम टाकून उचलायचो. तिला शपथा घालून काही होणार नव्हतं. मला वायर सापडायला पाहिजे होती, बास.

शेवटी लॅपटॉप घेऊन परत तेर गाठलं. म्हटलं, कुठं जायचं नाही, उभ्या गाडीत बसा, चाकाला दगड लावतो. दुपारभर हातापाया पडलो तेव्हा ती येऊन बसली. इंजिन चालू केलं. रेघ सरळ. ती पदर सावरून, अंग चोरून बसलेली. मला रडू यायचं बाकी होतं. वैतागून मी उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर जोरात दाबला. इंजिन ओरडलं, आत्या दचकली, आणि रेघ टोकाला गेली. इंजिन आचके द्यायला लागलं.

"बघ, झालं," असं म्हणत ती दार उघडायला लागली.

मी तिचा दंड धरला. उतरू नका म्हटलं, हलूच नका. ती घाबरून पुढं सरकली होती आणि तिचा डावा पाय खाली गालिच्यावर गच्च रोवलेला होता. शेजारी बसलेला माणूस भीतीनं ब्रेक दाबतो ना, तसा.

"पाय उचला, आत्या."

रेघ खाली आली.

"आता दाबा."

रेघ वर. तीनचारदा करून घेतलं.

गालिचा उचकटला. कॉम्प्युटरपासून निघालेला वायरींचा जुडगा तिथून खालून जात होता. त्यात सेन्सरच्या परतीची काळी वायर, वरून अगदी धडधाकट. आतली तांब्याची तार तुटलेली. एरवी टोकाला टोक टेकून काम चालायचं, पाय पडला की टोकं सुटायची आणि सेन्सर भलताच आकडा सांगायचा. मी गाडी जोरात काढली की आत्या घाबरायची, घाबरली की पाय रोवायची. पोतं कुठून पाय रोवणार?

तो तुकडा कापून आत्याच्या हातात दिला. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं चिमटीत धरून चाचपला.

"हितं पोकळ लागतंय," ती म्हणाली.

नवी वायर टाकली, झाळून जोडली, जुडगा गालिच्याखालून काढून वर डॅशबोर्डच्या आतून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आपणहून पुढं येऊन बसली. सोलापूरला डॉक्टर चुकलेल्या तारखेबद्दल मला रागावले, सूज वाढली होती. पण उशीर फार झालेला नाही म्हणाले, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

येताना घाट लागला. आत्याच्या एका डोळ्यावर पट्टी. मी म्हटलं, आता पाय रोवा, मी गाडी काढतो. तिनं रोवला. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी दोन ट्रक मागं टाकून वर निघाली. कुठं अडखळली नाही. मी हसत तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. वर सपाटीला लागल्यावर तिनं विचारलं,

"मामांची जीप कुणी अशी उघडून बघितली होती का रे?"

मला माहीत होतं. जीप पुलाखालूनच उचलून भंगारात गेली होती.

"नाही, आत्या. कुणीच नाही बघितली."

"बघितली न्हाय," आत्या म्हणाली. "आन् माझं नाव मातर लगीच सांगितलं."