वडवणीच्या माळावरून मूळ नक्षत्र

दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या हाताने घासलेला असला की माणूस प्रवासात कुणाचं ऐकत नाही. पुण्याच्या स्टँडवर बीडच्या गाडीचा कंडक्टर माझ्या दुर्बिणीच्या नळकांड्याकडे बघून म्हणाला, "पाइप हाय ना? मग टाका की टपावर." नळकांडं टपावर गेलं. आरसा मात्र टॉवेलात गुंडाळून मी बीडपर्यंत मांडीवर धरून बसलो.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. वडवणीत माझा कॉलेजातला मित्र शिवराज याच्या किराणा दुकानाला नुकतीच एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, आणि तिथूनच त्याचा फोन आला होता. धाकटी बहीण महानंदा हिचं लग्न जमत आलं होतं. मुलगा तिला पसंत होता, तसं तिने घरात बोलूनही दाखवलं होतं. आडवं आलं ते तिचं मूळ नक्षत्र. मुळावरची सून सासऱ्याच्या जिवाला वाईट अशी समजूत, आणि होणारे सासरे ती मनावर घेऊन बसले होते.

"तू ये नि त्यांना ती चांदणीच दाखव," शिवराज म्हणाला. "कड्याच्या साखर कारखान्यात लॅबमधी हायेत. डोळ्यानं बघितल्याबिगर कशावरच इश्वास न्हाई त्यांचा."

दुर्बिणीने लग्न जमत नाही हे मला कळत होतं. पण ऑक्टोबर होता, पाऊस सरला होता, आणि तिकडचं आकाश पुण्यापेक्षा काळं असणार होतं. मी निघालो तो आकाशासाठी, हे आधीच सांगून टाकतो.

नगरला चहा झाला. पुढे कडा आलं. गाळप दिवाळीनंतर सुरू होणार, त्यामुळे कारखान्याचं धुराडं थंड होतं. आष्टी, जामखेड करत बीडला पोचेपर्यंत दुपार कलली. रस्त्याबद्दल एवढंच सांगतो, की आरशाला काही झालं नाही आणि पाठीला झालं. बीडहून परळीच्या गाडीत बसलं की वाटेत वडवणी. तेव्हाचं तिकीट आज सांगण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला खाल्ली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन वर शेंगदाण्याचं कूट. मराठवाड्यात गेलात तर पोह्यांच्या नादी लागू नका. दुपारी कड्याहून सासरे आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. किरकोळ अंगाचे, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. शिवराजच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं. लग्नाचा विषय कुणीच काढला नाही. आप्पांनी चहा संपवला आणि मला विचारलं, "आमच्या लॅबमधी नळीत रस भरतो, तिच्यातून उजेड सोडतो. डोळा लावला की साखर किती ते कळतंय. तुमच्या नळीत काय कळतंय?"

मला माणूस आवडला. म्हटलं, "तारा किती तापलाय, कशाचा बनलाय, आपल्याकडे येतोय की लांब जातोय. सगळं उजेडावरूनच. तिथं जाऊन कुणी आलेलं नाही."

"आमी तरी कुठं उसात जातो," आप्पा म्हणाले.

दिवस मावळल्यावर गावाच्या पश्चिमेला, अण्णांच्या शेतालगतच्या माळावर गेलो. तुम्ही कधी गेलात तर अमावास्येच्या आसपास जा आणि पश्चिमेचीच जागा धरा, कारण पूर्वेला परळीच्या थर्मलचा उजेड आभाळाला तांबूस करतो. तेवढ्यात ठरल्या वेळी वीज गेली आणि वडवणी दिसेनाशी झाली. परळीला वीज तयार होते आणि शेजारी भारनियमन असतं, याबद्दल लोक चिडत होते. मी चिडलो नाही. नैर्ऋत्येला अख्खा विंचू समोर आला होता: छातीशी ज्येष्ठाचा तांबडा तारा, नांगीत मूळ नक्षत्रातला निळसर पांढरा.

दुर्बिणीच्या डोळ्याशी मी एक लोलक बसवला होता. त्यातून तारा ठिपका दिसत नाही, सप्तरंगी पट्टी दिसते. आधी ज्येष्ठा लावली. आप्पांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हे मधी मधी काळे पट्टे काय हायेत?"

"ते बघून ठेवा. आता मूळ बघा." मी दुर्बीण फिरवली. मुळाची पट्टी निळ्या टोकापर्यंत भरलेली, आणि माझ्या साध्या लोलकातून तीत एकही काळी रेघ दिसत नव्हती.

आप्पा ताठ झाले. "हे तर साफ हाय. रस गढूळ असला की आमच्या नळीत काळं दिसतंय. ह्यात काळं न्हाईच. मूळ चोख हाय, अण्णा."

अण्णांनी माझा दंड दाबला. गप्प राहा असा त्याचा अर्थ होता. आणि खरं म्हणजे इथेच सगळं मिटत होतं.

महानंदा मागे शिवराजजवळ उभी होती. बीडच्या कॉलेजात ती बीएस्सीला होती. ती पुढे येऊन मला म्हणाली, "काळं म्हंजी दोष असतोय का, दादा? तसं असंल तर ज्येष्ठात लई हाय. अन् त्यांच्या मुलाचं नक्षत्र ज्येष्ठाच हाय."

अण्णा नुसते खोकले.

"खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "उद्या कुठून कळलं तर ऐकून मला घ्यावं लागंल."

मग मी सांगितलं. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पांढरं, ताऱ्यांचंही तसंच. ज्येष्ठा त्या मानाने थंड, म्हणून तिच्या वाफांमधले संयुगांचे कण टिकतात आणि उजेडातले ठरावीक रंग गिळतात. तेच काळे पट्टे. मूळ इतकं तापलेलं, की तिथे ते कण टिकतच नाहीत. चोख कुणी नाही, मळकं कुणी नाही. जन्मनक्षत्र म्हणजे त्या वेळी चंद्र त्या ताऱ्यांपाशी दिसत होता, एवढंच.

आप्पांचा चेहरा अंधारात दिसत नव्हता. "म्हंजी चोख हाय तेबी गेलं," ते म्हणाले. "मला भ्या वाटायलंय हो. हसू नका. माझा बाप लवकर गेलता." कुणी हसलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हा उजेड तिथून कवा निघालाय?"

"काही शतकांपूर्वी."

"म्हंजी माझा पणजाबी न्हवता तवा."

"नाही."

"मग त्येला माझा पत्ता दिला कुणी?"

त्यांनी पुन्हा एकदा नळीला डोळा लावला. घरी येऊन आम्ही कंदिलाच्या उजेडात भाकरी-पिठलं खाल्लं. सकाळी स्टँडवर कड्याकडची गाडी लागली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून आप्पा अण्णांना म्हणाले, "साखरपुड्याचं बघा." मी आरसा मांडीवर घेऊन पुण्याला परतलो.

पुढे दर वर्षी पावसाळा सरला की माझ्याकडे कड्याहून फोन यायचा. सुरुवातीला बूथवरून, नंतर मोबाइलवरून. आप्पांचं बोलणं तेवढंच असायचं: "मूळ दिसलं. मी हाय." मी हसायचो. पण भीती काही गेली नव्हती, हेही मला त्यातून दर वर्षी कळत होतं. ती घेऊनच ते सुनेच्या हातचं जेवत होते, आणि नातवंडांना माळावर नेऊन विंचू दाखवत होते.

गेल्या वर्षी फोन महानंदाचा होता. आप्पा गेले होते. चांगले म्हातारे होऊन, झोपेत.

"जायच्या आधी आठ दिवस सगळ्या भावकीला बोलावून घेतलं," ती म्हणाली. "मला शेजारी बसवलं अन् म्हणाले, नीट ऐकून ठेवा, मी वयानं चाललोय. हिच्याकडं कुणी बोट दाखवायचं न्हाई."